शिट्टीनंतरची ओढ

माझ्या बहिणीच्या नवऱ्याविषयी मी चांगलं लिहीन अशी कुणाची अपेक्षा असेल, तर त्यानं इथंच थांबावं. धनंजयशी माझं पहिल्या दिवसापासून पटलं नाही आणि आजही पटत नाही. तोंडावर मी त्याला 'दाजी' म्हणतो, अहो-जाहो करतो, पंगतीत पहिलं ताट त्याच्यापुढं सारतो. आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याचा मान ठेवावाच लागतो, मग तो वयानं लहान असो की अकलेनं. मनात मात्र तो 'तो'च आहे. इथं मी मनातलं लिहितोय, म्हणून 'तो'च लिहिणार.

तो वाळव्याकडचा. त्या भागात पोराला चालता यायच्या आधी कबड्डी येते म्हणतात. ह्याला चालणंही आलं, कबड्डीही आली, माणसाशी बोलणं तेवढं राहून गेलं. खेळायचा डाव्या कोपऱ्यात. चढाईवाला आत आला की कोपऱ्यातल्या गड्यानं त्याच्या घोट्यावर झेप घालायची आणि त्याला मधल्या रेषेपासून लांब, आपल्या अंगणात ओढत न्यायचं. कबड्डीचा सगळा जीव त्या रेषेत असतो. धरलेल्या गड्याचं एक बोट जरी तिला लागलं तरी त्याला धरणारे सगळे बाद. त्यामुळं धरलं की ओढायचं आणि ओढतच राहायचं. हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की ढकलायचं दारसुद्धा तो आधी आपल्याकडं ओढून बघायचा.

मुंबईत एका कंपनीनं त्याला संघात घेतलं होतं, नोकरीसकट. एका सामन्यात पंचाचा निर्णय आवडला नाही म्हणून ह्यानं पंचाची कॉलर धरली आणि सवयीप्रमाणं त्याला अंगणभर ओढलं. संघ गेला, नोकरी गेली. हे सगळं आम्हाला लग्न झाल्यावर कळलं. रंजिता माझी धाकटी बहीण. आईवडलांच्या मागं मीच तिला वाढवलं, आणि मी शारजात बसलेला असताना चुलत्यांनी 'मोठा खेळाडू आहे' म्हणून तिला ह्या माणसाच्या पदरात टाकलं. मी फोनवर विचारलं, पोरगा करतो काय? चुलते म्हणाले, धरतो. मला वाटलं होतं कसलीतरी सरकारी नोकरी धरतो.

शेवटी त्याला इकडं आणलं कुणी? मीच. शारजाच्या औद्योगिक भागात ट्रकच्या गॅरेजमध्ये मी फोरमन. मालकापुढं शब्द टाकला आणि ह्याला हेल्पर म्हणून लावला. कामाला वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू? दोघांना न उचलणारा गिअरबॉक्स एकटा उचलायचा. पण मेकॅनिकनं 'पाना दे' म्हटलं की पाना त्याच्या पायावर पडायचा, आणि सॉरी हा शब्द त्याच्या गावापर्यंत पोचलाच नव्हता.

सुट्टीच्या दिवशी टायरच्या दुकानांमागच्या रिकाम्या वाळूत आमची पोरं कबड्डी खेळायची. तिथं एकदा झैद आला. झैदचं घराणं मूळ रत्नागिरीकडचं, तो जन्मला वाढला दुबईत. त्याची चार-पाच जिम आहेत. एका मोठ्या गोदामात एसी बसवून त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी अमेरिकन फुटबॉलची लीग चालू केली होती, पगारी खेळाडूंची. नाव फुटबॉल, पण पायाचा संबंध थोडाच. अंड्यासारखा चेंडू काखेत दाबून पळायचं, आणि पुढच्यांनी पळणाऱ्याला आडवं करायचं. मैदान छोटं, कडेला रेषेऐवजी गादी लावलेली भिंत. माणूस भिंतीवर आपटला तरी खेळ काही माफी मागत नाही.

झैदनं वाळूत एक पकड बघितली आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "सुदेशभाई, हा बंदा मला पायजे. डिफेन्सला. ह्याला सांग, कॉन्ट्रॅक्ट देतो, फॅमिली व्हिसा देतो."

मी सांगायच्या आधीच तो झैदच्या गाडीत बसला होता. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये त्यानं चेन-पुलीला एक इंजिन अर्धं वर घेतलं, फोन वाजला, आणि ते तसंच लटकत ठेवून हा निघून गेला. ना मला सांगितलं, ना मालकाला. मालकानं मला त्या इंजिनाखाली उभं करून विचारलं, 'हा तुझा माणूस?' त्या दिवसापासून त्या गॅरेजमध्ये माझा शब्द कुणी उचलत नाही.

तरी त्याच व्हिसावर रंजिता आली, प्रज्ञा आली. प्रज्ञा म्हणजे माझी भाची. इंटरनॅशनल सिटीत त्यांनी फ्लॅटची एक खोली घेतली, दुसऱ्या खोलीत केरळचं कुटुंब, स्वयंपाकघर सामाईक. दर शुक्रवारी अर्धा दिवस संपला की मी तिकडं जायचो. रंजिता भाकरी थापायची, प्रज्ञा माझ्या मांडीवर पुस्तक ठेवून मला इंग्रजी वाचायला लावायची आणि चुकलो की "मामा, नॉट लाइक दॅट!" म्हणून डोक्याला हात लावायची. माझं लग्न झालं नाही, होणारही नाही. मला ह्या देशात कोण आहे विचाराल तर शुक्रवार दुपारची ती खोली. एवढं सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी कुणासाठी जीव टाकत होतो ते कळेल.

आता त्याच्या खेळाबद्दल. पहिल्याच सरावात त्यानं एका धिप्पाड गड्याचा घोटा धरला, पाडला, आणि फराफरा चार-पाच हात मागं ओढत नेला. मग छाती काढून उभा राहिला. अमेरिकन कोच नुसता बघत राहिला, आणि बाकीचे पोट धरून हसले.

कारण त्या खेळात ओढून उपयोगच नसतो. पळणारा पुढं जिथवर पोचला, तिथवरचं त्याचं. तिथून तुम्ही त्याला मागं ओढा, नाहीतर वाळव्याला घेऊन जा, पंच चेंडू पुन्हा तो पोचला होता तिथंच ठेवणार. वर शिट्टी वाजल्यावरही ओढत राहिलात तर दंड, म्हणजे समोरच्यांना फुकटात जमीन. बारा गावचं पाणी प्यायलेल्या ह्या माणसाला एवढं एक गणित समजेना.

प्रज्ञानं त्याला जेवताना समजावून सांगितलं. मी समोर होतो. तिनं टेबलावर एक लिंबू घरंगळत सोडलं, मधेच बोटानं अडवलं आणि तिथं बडीशेपेचा दाणा ठेवला.

"सी, बाबा? ही रीच्ड हिअर."

ह्यानं लिंबू उचललं, ओढत आपल्या ताटापाशी आणलं. "आन् आता?"

तिनं दाण्यावर बोट ठेवलं. "स्टिल हिअर. बाबा, इट डझन्ट काउंट."

"ह्या खेळाला अक्कल न्हाई," तो म्हणाला. "धरलेला गडी मागं आला तर मागंच आला न्हवं?"

रंजिताला हसू आलं. ह्यानं लिंबू भिंतीवर असं फेकलं की फुटून त्याचा रस केरळवाल्यांच्या डब्यांवर उडाला. मग रंजितानं त्यांची माफी मागितली, प्रज्ञानं डबे पुसले, आणि हा हात धुऊन झोपायला गेला. घरात त्याचं वागणं हे असं.

तरी कोचनं त्याला ठेवला, कारण त्यानं धरलेला माणूस एक पाऊल पुढं जात नसे. लोक त्याला 'डीजे' म्हणायला लागले, धनंजय म्हणताना त्यांची जीभ वळत नव्हती. समोरच्या संघातले त्याच्या बाजूनं पळायला घाबरायचे. त्याच्याच संघातलेही त्याच्याजवळ बसत नसत. कोचचा सगळा वेळ ह्याला धरायला नव्हे, सोडायला शिकवण्यात जायचा. कानाशी उभा राहून शिट्टी मारायचा आणि ओरडायचा, "लेट गो, डीजे! लेट गो!" हा दात खाऊन सोडायचा, बिल दिल्यासारखा. दोन-तीन हंगाम असे गेले. नाकाचं हाड मोडलं, उजवा गुडघा गेला, एक करंगळी वाकडीच राहिली. रंजिता हळद-तेल लावत बसायची, आणि तिनं जरा जोरात दाबलं तर हा तिच्यावरच खेकसायचा. मला त्याचा गुडघा पिरगाळावासा वाटायचा.

ह्या वर्षी लीगचं पाणी आटलं. झैदनं मला जिममध्ये बोलावलं, कारण ह्याच्याशी बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलणं हे त्यालाही कळलं होतं.

"ऐका सुदेशभाई, स्ट्रेट बोलतो. शनिवारी फायनल हाय. जिंकलो तर स्पॉन्सर राहील, सगळ्यांचा कॉन्ट्रॅक्ट रिन्यू. हरलो तर हाफ टीम कट. आणि पेनल्टी खाणारे पयले जातील. त्याला बोला, बिसल वाजला की सोड. बस, एवढाच."

"आणि रिन्यू नाही झालं तर रंजिता, पोरगी?"

"व्हिसा त्याच्या कॉन्ट्रॅक्टवर हाय ना. मग इंडिया. मी काय करू, हबीबी?"

मी माझ्या परीनं चौकशी केली. गॅरेजच्या फोरमनला बहीण-भाचीसाठी व्हिसा देतो कोण? ह्याच्यासाठी नोकरी शोधली ती मिळाली रुवैसला, रिफायनरीच्या कंत्राटदाराकडं. कॅम्पात राहायचं, सहा जण एका खोलीत, कुटुंबाचं नावही काढायचं नाही. म्हणजे शनिवारी हरलो तर हा इथं राहणार आणि त्या दोघी जाणार. मी इतकी वर्षं मनात म्हणत आलो होतो की हा माणूस जावा आणि माझी माणसं राहावीत. नशिबानं ऐकलं अर्धवट आणि लिहिलं उलटं.

शुक्रवारी जेवण झाल्यावर मी त्याला खाली पार्किंगमध्ये गाठला.

"दाजी, एक सांगू? उद्या तेवढी शिट्टी वाजली की सोडा. पोरीकडं बघा."

तो गुडघ्याला पट्टी गुंडाळत होता. वर न बघता म्हणाला, "पाव्हणं, तुमी मला सोडायला शिकवणार?"

"मी नाही, कोच सांगतोय, झैद सांगतोय, तुमची पोरगी सांगतीय—"

"सोडायला अक्कल लागत न्हाई. सगळी दुनिया सोडतीया. तुमी आयुष्यात धरलंय कुणाला? बायकू, पोरगं, दोस्त? कुणाला न्हाई. म्हणून शारजाच्या खोलीत एकटं पडलाय आन् शुक्रवारचं आमच्या दारात येताय."

म्हणतात खरं बोललं की सख्ख्या आईला राग येतो. मी तर मेहुणा. माझ्या हातात गाडीची किल्ली होती ती मी इतकी आवळली की तळहातावर वळ उठला. त्याला तिथंच आडवा करावा असं वाटलं, पण मला त्याची पकड माहीत होती. मी एवढंच म्हणालो, "दाजी, तुम्ही हरलात तर तुमचं तोंड परत बघणार नाही." तो म्हणाला, "बघू नका."

शनिवारी गोदामात थंडी एवढी की लोक शाली घेऊन बसले होते, बाहेर डांबर वितळत असताना. रंजिता माझ्या डावीकडं, प्रज्ञा मधे, तिच्या गालांवर संघाचे पिवळे पट्टे. मी त्या माणसासाठी देव पाण्यात घालून बसलो होतो. जन्मात कधी वाटलं नव्हतं ही वेळ येईल.

आणि तो चांगला खेळला. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण चांगला खेळला. शिट्टी वाजली की हात वर करून बाजूला व्हायचा. प्रत्येक वेळी प्रज्ञा ओरडायची, "गुड, बाबा!" शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढं होतो. चेंडू हिरव्या संघाकडं होता, तोही त्यांच्या स्वतःच्या मागच्या भिंतीला चिकटून. त्यांच्यासमोर अख्खं मैदान पडलेलं. त्यांना नुसतं थोपवलं असतं तरी खेळ संपला होता.

त्यांच्या गड्यानं चेंडू काखेत घेतला आणि डाव्या बाजूनं निघाला. ह्याच्या बाजूनं. तो आपल्या गोलरेषेच्या दोन-तीन पावलं बाहेर आला आणि ह्यानं झेप घालून घोटा धरला. काय पकड होती! मी उभा राहिलो. गडी जागच्या जागी खिळला आणि शिट्टी वाजली.

आम्ही सगळ्यांनी ती ऐकली. ह्याला त्या क्षणी काय ऐकू आलं देव जाणे. समोर एक रेषा होती, आणि हातात घोटा. त्यानं ओढायला सुरुवात केली. तो भला दांडगा गडी चेंडूसकट ह्यानं मोडक्या गुडघ्यावर मागं मागं खेचत नेला, गोलरेषेच्या आत, थेट भिंतीपर्यंत. पंच शिट्ट्या मारत त्याच्या मागं धावत होते. भिंतीला टेकल्यावर हा उठला, पडलेल्या गड्यासमोर उभा राहिला, आणि त्यानं मांडीवर थाप मारली. वाळूत मारायचा तशी. मग दोन्ही दंड थोपटून शड्डू ठोकला.

पंचांनी टाकलेले दंडाचे पिवळे रुमाल मैदानात पडले. एक ओढल्याबद्दल, एक शड्डूबद्दल. माझ्याशेजारी प्रज्ञा हळूच म्हणाली, "ओह नो, बाबा." तिला सगळं आधीच कळलं होतं. त्यानं ओढलेलं काही मोजलं गेलं नाही. उलट दंडाची जमीन हिरव्यांना मिळून ते भिंतीपासून सुटले, आणि थोड्याच वेळात त्यांनी चेंडू खांबांमधून मारून तीन गुण घेतले आणि सामना नेला. एका गुणानं. हा तोवर बाकावर बसून कोचला विचारत होता, 'व्हाय? आय पुल्ड हिम!'

झैद आला. "खलास, धनंजयभाई," म्हणाला आणि हात पुढं केला. ह्यानं हात मिळवला तो सोडेचना. झैदचा चेहरा पांढरा पडायला लागला. "सोड यार, सोड." शेवटी मी मधे पडून त्याची बोटं उलगडली. लोखंडाची वाटली.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. रंजितानं सामान बांधलं, प्रज्ञानं शाळेतल्या मैत्रिणींना वह्या वाटून टाकल्या. तिला मराठी शाळेत घालणार म्हणून ती घाबरलेली होती, पण रडली नाही. रडायचा मान त्या घरात एकट्या बापाचा होता, आणि तो रडण्याऐवजी चिडायचा.

विमान सकाळचं होतं. मी गॅरेजची जुनी पिकअप आणली, मागं बॅगा टाकल्या, पुढं कसेबसे चौघं कोंबून बसलो. तिथूनच पुढं ह्याला रुवैसच्या बसवर सोडायचं होतं. त्याचं तोंड परत बघणार नाही म्हणालो होतो, पण बहिणीच्या नवऱ्याला रस्त्यावर सोडता येत नाही, हे आमचं दुर्दैव.

विमानतळावर एका दोरीपुढं फक्त तिकीटवाल्यांना सोडतात. रंजिता माझ्या पाया पडली, मग त्याच्या. प्रज्ञानं मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "मामा, प्रॅक्टिस युअर रीडिंग." मग बापाला मिठी मारली, ट्रॉली ढकलली आणि दोरीच्या पलीकडं गेली.

तेव्हा ह्यानं हात लांब करून तिचं मनगट धरलं.

ट्रॉली थांबली. मागं रांग थांबली. दोरीजवळचा शिपाई म्हणाला, "यल्ला, यल्ला, भाई." रंजिता म्हणाली, "अहो, सोडा. लोक बघतायत." तो सोडेना. नुसता पाय रोवून उभा राहिला, आणि मी बघितलं, त्याचा खांदा मागं जायला लागला. तो ओढत होता. मोठ्या जोरानं नाही. पण पोरगी एक पाऊल मागं आली, दोरीच्या अलीकडं.

प्रज्ञानं आधी आपल्या मनगटाकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"बाबा," ती म्हणाली, "इट डझन्ट काउंट."

त्यानं हात सोडला. ती पुन्हा दोरीपलीकडं गेली. रंजितानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघी आत गेल्या. मनगटावर लाल वळ उठला होता, तो मला लांबूनही दिसत होता.

पिकअपमध्ये बसल्यावर मी त्याला शिव्या घालायला सुरुवात केली. दाजीबिजी काही नाही, अरे-तुरेवर आलो. लटकत ठेवलेल्या इंजिनापासून काढलं, भिंतीवरचं लिंबू, शनिवारचा शड्डू, माझ्या बहिणीची वर्षं, माझा शुक्रवार. तुझ्यामुळं, तुझ्यामुळं, तुझ्यामुळं. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. तो समोर काचेतून बघत ऐकत होता. त्यामुळं माझा राग आणखी चढला.

हायवेला लागताना मी तिसरा गिअर टाकला आणि हात गिअरवरच राहिला. त्यानं माझं मनगट धरलं.

तीच पकड. हाड दुखायला लागलं.

"सोड," मी म्हणालो. मग म्हणालो, "सोडा, दाजी. चौथा टाकायचाय."

तो बाहेर बघत होता. मी हात ओढून घेतला असता, पण ओढला नाही. गाडी तिसऱ्यातच ओरडत राहिली, मागचे ट्रक हॉर्न मारत बाजूनं निघून गेले, आणि रुवैसची बस सुटते तिथपर्यंत मी तशीच चालवली.